मधली काचपट्टी

१

काचपट्टी आठ दशांश मिलिमीटरने जास्त जाड होती.

ओतीलिया बारिएन्तोसने कॅलिपर मिटला, रुमालाने पुसला आणि पुन्हा लावून पाहिला. एक पूर्णांक नऊ. मग ती डावीकडच्या काचपट्टीपाशी सरकली. एक पूर्णांक एक. उजवीकडची, एक पूर्णांक एक. मधली तेवढी वेगळी.

या तीन काचपट्ट्या तिनेच मार्चमध्ये बसवल्या होत्या. ‘पालोमार’ बारच्या गच्चीचा कठडा सोकालो चौकाच्या बाजूने एका तिरक्या भेगेने उलला होता, आणि तिने त्या भेगेवर तीन ठिकाणी, आडव्या, एकेक काच ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरच्या गोळ्यांत रुतवली होती. भिंत हलली, भेग रुंदावली, की काच तडकते. काच ताणली जात नाही, म्हणून तिच्यावर विसंबायचं. निवृत्त होताना तिने मातीच्या प्रयोगशाळेतून सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्यांची एक पेटी घरी आणली होती, त्यातल्याच या तीन. सगळ्या एकाच जाडीच्या.

गेल्या महिन्यात ती आली तेव्हा तिन्हींवर ज्वालामुखीच्या राखेचा करडा थर बसलेला होता. आज तिन्ही लख्ख पुसलेल्या होत्या. मधल्या काचेच्या प्लास्टरवर तारीखही बरोबर कोरलेली होती, चौदा मार्च. फक्त ओतीलिया तारीख सुईने कोरत असे, आणि हा ओरखडा खिळ्याचा होता.

“झालं का गं?” जिन्याच्या दारातून एर्लिंदाचा आवाज आला. बारची मालकीण, सहासष्ट वर्षांची, हातात कॉफीचे दोन मातीचे पेले. ओतीलिया तिच्या मुलाची धर्ममाता, त्यामुळे चाळीस वर्षं दोघी एकमेकींना ‘कोमाद्रे’ म्हणत आल्या होत्या.

“तुझी मधली काच कोणीतरी बदललीय, कोमाद्रे.”

“फुटलीय?”

“नाही. अखंड आहे. पण माझी नाही.”

“अखंड आहे ना? मग कोणाची का असेना!” एर्लिंदाने पेला तिच्या हातात दिला. “सुनेच्या भाकरीला नावं ठेवावीत तशी तू काचेला नावं ठेवतेयस. सही कर आणि चल खाली, न्याहारी निवतेय.”

“जुनी फुटली म्हणून बदलली. ती कशाने फुटली ते कळेपर्यंत माझी सही नाही.”

एर्लिंदाचं हसू ओठांवरच राहिलं. परवान्याच्या कागदावर इंजिनियरची सही नसली तर पंधरा सप्टेंबरचा कार्यक्रम होणार नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. त्या रात्री, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी, समोरच्या राजवाड्याच्या सज्जात घंटा वाजते, चौकातून लाख माणसांचा ‘विवा’चा जयघोष उठतो, आणि ते पाहायला आजूबाजूच्या प्रत्येक गच्चीवर मुंगी शिरायला जागा नसते. पालोमारची नव्वद आसनं जूनमध्येच गेली होती.

नव्वद माणसं. आणि घंटा वाजली की सगळीच्या सगळी याच कठड्याला येऊन टेकणार.

आज अकरा तारीख होती.

२

“सगळ्यांत आधी माझ्याकडेच आलीस ना, मादरीना?” लेओबार्दोने फोन टेबलावर पालथा घातला. एर्लिंदाचा हा मुलगा बारचा कारभार बघायचा. चाळिशीला आलेला, केस मागे चापून बसवलेले, आणि धर्ममातेसमोर, आपल्या मादरीनासमोर, आला की आठवीतल्या मुलासारखा चेहरा करणारा. “शाळेत खडू हरवला तरी मास्तर मलाच उभं करायचे.”

“तेव्हा तू घेतलेला असायचास.”

“तो वेगळा मुद्दा आहे.”

“काचा फुटल्या असत्या तर सगळ्यांत जास्त नुकसान कोणाचं झालं असतं?”

“माझं. कबूल. अकरा वर्षं मी या एका रात्रीवर हा बार जगवतोय. पण मी काच बदलली असती ना, तर जाडी मोजायला तुझ्याकडेच आलो असतो. मला सांग, मला साधा खिळा ठोकता येतो का? बायको दिवासुद्धा बदलू देत नाही.”

हे खरं होतं. त्याने एकदा बसवलेली फळी बरणीसकट ओतीलियाच्या पायावर पडली होती.

“शेवटचं काम गच्चीवर कधी झालं?”

“तीस ऑगस्टला. शनिवार. तिरंगी दिव्यांच्या माळा लावल्या. आबुंदिओ शिडीवर होता, मी खालून सूचना देत होतो.”

“म्हणजे फोनवर बोलत होतास.”

“दोन्ही.” तो हसला, आणि मग एकदम गंभीर झाला. “हे बघ, आई तीन वर्षं तुझं ऐकत नाहीये, मला माहितेय. तू म्हणालीस, वर्षभर गच्ची बंद ठेवा, या बाजूला खालून लोखंडी तुळया घाला. ती म्हणाली, सप्टेंबर होऊ दे, मग बघू. पण मी कधी मध्ये पडलो नाही. गच्ची बाबांनी तिच्यासाठी बांधली होती. तो निर्णय तिचा आहे. तिने आज म्हटलं बंद, तर मी नव्वद जणांना फोन करेन. रडत रडत करेन, पण करेन.”

ओतीलियाने त्याच्याकडे पाहिलं. खोटं बोलताना तो लहानपणापासून डावा कान चोळायचा. आत्ता दोन्ही हात टेबलावर होते.

“त्या शनिवारी आणखी कोण होतं?”

“निकानोरा तिच्या स्वयंपाकघरात. आणि आई.” तो थांबला. “आई दिवसभर वरच होती.”

३

जायच्या आधी ओतीलियाने गच्चीवर जाऊन एक साधा प्रयोग केला. डावीकडच्या काचेच्या प्लास्टरवर पाण्याचा थेंब टाकला. तो शोषला गेला, आणि तिचं नख त्यात सहज रुतलं. पावसाळाभर उघड्यावर राहिलेलं प्लास्टर असंच भुसभुशीत होतं. मग मधल्या काचेच्या गोळ्यावर थेंब टाकला. तो मोत्यासारखा गोल उभा राहिला आणि घरंगळून गेला. नख लावलं, तर नखच मोडलं.

हे प्लास्टर नव्हतंच. चुना होता, आणि त्यात निवडुंगाचा चीक कालवलेला होता.

स्वयंपाकघर एक मजला खाली होतं. निकानोरा निवडुंगाची कोवळी पानं साफ करत बसली होती. एका हातात पान, दुसऱ्यात सुरी, काटे पटापट उडत होते, आणि शेजारच्या बादलीत हिरवट, तार सुटणारा चीक साठत होता.

“या बाई. बसा. उभ्या माणसाशी बोललं की माझी मान धरते.”

“हा चीक काय करतेस?”

“ओतून देते. रोज बादलीभर.”

“कोणी मागून नेतं?”

सुरी क्षणभर थबकली. “कोणाचं पोट साफ होत नसेल तर नेत असेल पेलाभर. मी काय दारावर चौकी बसवलीय?”

“चुन्यात कालवायला?”

“आमच्या मिल्पा आल्ता गावात घराच्या भिंतींना तेच लावतात. पाऊस जिरत नाही, रंग टिकतो. पण माझ्यावर डोळा असेल तर सांगून ठेवते, दोन वर्षांत मी ती गच्ची पाहिलेली नाही.” तिने सुरीने स्वतःचे सुजलेले गुडघे दाखवले. मग भिंतीतला पाळणा दाखवला, ज्यातून पदार्थ दोरीने वर ओढले जात. “लोक म्हणतात, वरून कॅथेड्रल फार देखणं दिसतं. मला इथून ही दोरी दिसते. तीही देखणीच आहे म्हणा, माझं जेवण नेते.”

“चुन्यात चीक घालायचा हे आणखी कोणाला माहीत असेल इथे?”

“गवंड्याच्या घरात जन्मलेल्या कोणालाही. शहरातल्या पोरांना नाही, ती दुकानातून पिशवी आणतात.”

“गवंड्याच्या घरातलं कोण आहे इथे, निकानोरा?”

निकानोराने पान खाली ठेवलं. “बाई, मी रांधते. लोकांचे बाप कोण होते ते लिहून ठेवत नाही.” मग आवाज उतरला. “एक सांगते आणि गप्प बसते. ज्याने केलं त्याच्या मनात पाप नव्हतं. ते काम करताना माणूस रडलेला होता.”

“तू पाहिलंस?”

“कांदा चिरायचाय मला,” निकानोरा म्हणाली आणि पाठ फिरवली.

ओतीलिया जिन्यात येऊन थांबली. गवंड्याच्या घरात जन्मलेली एक बाई तिला चाळीस वर्षं ठाऊक होती. या पेठेतली निम्मी घरं तिच्या वडिलांनी चुन्यात बांधली होती. लहानपणी त्यांच्या हाताखाली चुना मळायची असं ती अभिमानाने सांगायची.

एर्लिंदा.

४

संध्याकाळी साडेपाचला गच्ची भरली.

ओतीलिया चार नंबरच्या टेबलाशी बसली. कठड्याला लागून असलेलं हे टेबल पालोमारमधलं सगळ्यांत मागणीचं होतं. इथून कॅथेड्रलचे दोन्ही बुरूज, राजवाड्याची लांबच लांब भिंत आणि चौकातला प्रचंड झेंडा एका नजरेत मावत. दिवसभराच्या पावसाने हवा धुऊन निघाली होती, दगडांवर मधाच्या रंगाचं ऊन आलं होतं. मोंतेर्रेहून आलेली एक जोडी आपल्याच पेल्यांचे फोटो काढत होती. शेजारच्या टेबलावरच्या चार निवृत्त शिक्षिका संत्र्याच्या फोडी लाल मिठात बुडवून मेस्कालच्या दारूसोबत चोखत होत्या आणि पाचव्या, न आलेल्या मैत्रिणीची यथेच्छ निंदा करत होत्या.

“ती म्हणे गुडघे दुखतात. नवरा घरी आहे म्हणून दुखतात.”

“दुखू दे. तिचं मेस्काल मी पिते.”

ओतीलियाला अशा गच्च्या आवडत. खाली रस्त्यावर शहर अंगावर येतं, वरून ते माणसाला बसायला जागा देतं. दिवसभर काउंटरवर उभ्या राहिलेल्या मुलीलाही इथे तासभर राजवाड्यासमोर बसता येतं, आणि कोणी उठवत नाही. हे सगळं एका सहीवर अडलं होतं, आणि सहीविना कागद तिच्या पिशवीत होता.

“हलतंय का, इंजिनियरबाई?”

आबुंदिओ वाकून टेबलाच्या पायाशी बघत होता. एकतीस वर्षं इथे बारमन, पांढरं जाकीट, कोरलेल्या मिश्या. त्याने खिशातून पेल्याखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या चकत्या काढल्या, एक कठड्याकडच्या पायाखाली सरकवली आणि टेबल दाबून पाहिलं. या शहरात कुठलीच जमीन सपाट राहत नाही, त्यामुळे वेटरच्या खिशात चकत्या असतातच.

“किती झाल्या याच्या खाली?”

“ही चौथी.”

“मार्चमध्ये?”

त्याने मान तिरकी करून आठवलं. “एक होती. ईस्टरला दुसरी घातली. बाकीची टेबलं आहेत तिथेच आहेत, हेच एक लाडावलंय. देखण्या टेबलांचं असंच असतं, बाई, सारखं लक्ष मागतात.”

सहाला चौकात बिगूल वाजला. सैनिक झेंडा उतरवायला निघाले, आणि गच्चीवरच्या खुर्च्या एकदम मागे सरकल्या. सगळे उठले, पेले घेऊन कठड्याशी आले. चाळीस-पन्नास माणसं, खांद्याला खांदा लावून. शिक्षिका सगळ्यांत पुढे. ओतीलियाच्या पायाखालची फरशी किंचित, अगदी किंचित, थरथरली. ती एकटीच मागे वळून उभी होती, म्हणून तिला ते दिसलं.

मावळतं ऊन बारच्या मागच्या भिंतीवर पडलं होतं. तिथे सहा फ्रेम ओळीने टांगलेल्या होत्या. पाच लखलखत होत्या. सहावी नाही.

एर्लिंदा तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. झेंड्याकडे बघत, हळू आवाजात म्हणाली, “निकानोराने सांगितलं, तू गवंड्यांची चौकशी करतेयस. म्हणजे मीच ना?”

“दुपारी वाटलं होतं.”

“तोंडावर सांगतेस!”

“तुझ्याशी खोटं बोलायचं कधी जमलं नाही.” ओतीलियाने तिचा हात धरला. “आता वाटत नाही. त्या भिंतीकडे बघ. एका फोटोवर काच नाहीये. कोणाचा आहे तो?”

एर्लिंदाने वळून पाहिलं आणि तिचे ओठ विलग झाले.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गच्चीवर फक्त ओल्या फरशा आणि आबुंदिओ होता. लिंबं कापत होता.

ओतीलियाने फ्रेम काढून त्याच्यासमोर ठेवली. फोटोत तिशीतला आबुंदिओ एका तळहातावर ट्रे तोलून उभा होता, ट्रेवर अकरा भरलेले पेले, आणि मागे कॅथेड्रल.

“भिंतीवर सहा फोटो होते,” ती म्हणाली. “मालकांचा, मालकिणीचा, पाहुण्यांचे. काच हवी असलेला माणूस हाताला लागेल तो घेईल. स्वतःचाच फोटो कोण उघडा पाडेल? ज्याला वाटतं की नुकसान आपण केलंय, तोच. तुमचे वडील काय करायचे, आबुंदिओ?”

त्याने सुरी पुसून ठेवली.

“गवंडी होते. चोलूलाला. चुना ते चिकातच मळायचे.” तो खुर्चीवर बसला. बसलेला आबुंदिओ तिने पहिल्यांदाच पाहिला. “माळा लावत होतो. कोणाचं लक्ष नव्हतं तेव्हा शिडी घसरली आणि कठड्यावर आदळली. खाली उतरून बघतो तर मधली काच दोन तुकडे. एक लोंबतोय, एक खाली. एकतीस वर्षांत या घराचा एक पेला माझ्या हातून फुटला नाही बाई, आणि फुटली ती ही.”

“मग मला फोन का नाही केलात?”

“तुम्ही म्हणाला असता, आबुंदिओ घाबरून शिडीचं नाव सांगतोय, भिंतच हललीय. गच्ची बंद. आणि भिंत तर हलली नव्हती! हलली होती शिडी. फुटलेली काच तिथे राहिली असती तर मालकिणीच्या विरुद्ध खोटी साक्ष झाली असती. मला फसवायचं नव्हतं. जे खरं होतं तेच परत लावायचं होतं.” त्याने फ्रेम आपल्याकडे ओढली. “रात्री सगळे गेल्यावर नवी बसवली, तारीखसुद्धा तीच घातली. मग तिन्ही पुसल्या, म्हणजे एकटी वेगळी दिसायला नको. हे मात्र फसवणंच झालं, कबूल करतो.”

“तुकडे?”

“टाकवले नाहीत.”

त्याने काउंटरखालून तंबाखूचा पत्र्याचा डबा काढला. आत फडक्यात गुंडाळलेले दोन तुकडे होते. न पुसलेले.

ओतीलियाने भिंग काढलं. पहिला तुकडा उलटा केला, मग दुसरा. मग उन्हात जाऊन तुटलेल्या कडा पुन्हा एकेक करून तपासल्या.

“काय आहे?” आबुंदिओ उठला. “बाई, तुमचा रंग का उडाला?”

“सगळ्यांना वर बोलवा,” ती म्हणाली. “निकानोरालाही. हाताला धरून आणा.”

६

निकानोरा लेओबार्दो आणि आबुंदिओच्या मध्ये, एकेक पायरी शिव्या देत चढली, आणि वर येऊन कॅथेड्रलकडे बघून गप्प झाली. तिला चार नंबरच्या टेबलापासून दूर, जिन्याजवळ बसवलं. एर्लिंदा उभीच राहिली.

“आधी आबुंदिओचं,” ओतीलिया म्हणाली. “काच त्याने बदलली. फोडली नाही.”

“मीच फोडली, बाई, माझ्या डोळ्यांदेखत...”

“ऐका. काचेवर काही आदळलं तर तडे एका बिंदूतून फाकतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे. इथे एकच तडा आहे, सरळ, बरोबर भेगेच्या वर. ही काच ओढली जाऊन तुटलीय. आणि तुटलेल्या कडा बघा.” तिने भिंग लेओबार्दोच्या हातात दिलं. “आत काय दिसतं?”

“करडं. सिमेंटसारखं काहीतरी चिकटलंय.”

“ज्वालामुखीची राख. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पडली, नंतरच्या पावसाने घट्ट झाली. ती तुटलेल्या कडांच्या आत, दोन्ही तुकड्यांवर आहे. म्हणजे राख पडली तेव्हा काच तुटलेलीच होती आणि मध्ये फटही होती. राख भरल्यामुळे ती सांधल्यासारखी दिसत होती. शिडीने फक्त ती राख खिळखिळी केली.”

आबुंदिओने खुर्चीची पाठ धरली. “म्हणजे... मी नाही?”

“तू नाहीस, बाबा.” एर्लिंदाच म्हणाली. मग तिने भुवया आखडल्या. “पण कोमाद्रे, बारा ऑगस्टला तू आली होतीस. तेव्हा तू म्हणालीस, तिन्ही ठीक.”

“म्हणाले. लिहिलंसुद्धा.” ओतीलियाने नोंदवही उघडून टेबलावर ठेवली. तिच्याच बारीक अक्षरात होतं, तिन्ही अखंड. “राख पुसली नाही. पाऊस भुरभुरत होता, खाली तू जेवण वाढून बसली होतीस, आणि मला त्या अखंड असायला हव्या होत्या. चाळीस वर्षांत अशी नोंद मी दुसऱ्या कोणाकडून खपवून घेतली नसती. आबुंदिओने काच बदलली नसती तर काल मी शिळ्या नोंदीखाली नवी बरोबरची खूण करून सही केली असती. त्याची काच जाड निघाली म्हणून मी थांबले.”

 खाली चौकात पंधरा तारखेसाठी लाकडी मंच ठोकत होते, त्याचे घाव वर येत होते.

“कदाचित मार्चनंतर थोडी हलली असेल,” लेओबार्दो सावकाश म्हणाला. “नंतर थांबली असेल. नवी काच तर तेरा दिवस शाबूत आहे.”

“मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. मग काल आबुंदिओने चौथी चकती घातली.” ती टेबलाशी वाकली. “एक चकती एक पूर्णांक चार मिलिमीटर. मार्चपासून तीन वाढल्या. टेबलाच्या पायांमधलं अंतर सत्तर सेंटिमीटर. एवढ्याशा जागेत सहा महिन्यांत फरशी चार मिलिमीटर कठड्याकडे कललीय. शेवटची चकती कालची आहे. बाकी टेबलं जागची हललेली नाहीत, म्हणजे सगळी इमारत बसत नाहीये, ही एकच कड खाली चाललीय. आणि तीन दिवसांनी नव्वद माणसं याच कडेला येऊन उड्या मारणार आहेत.”

“काल संध्याकाळी पन्नास होती,” आबुंदिओ पुटपुटला. “त्या मास्तरणी सगळ्यांत पुढे होत्या.”

त्याने जाकिटाची वरची दोन बटणं काढली. “मालकीणबाई, मी जातो. फोडली नसेल, पण लपवली तर मीच.”

“बटणं लाव,” एर्लिंदा म्हणाली. “लाव म्हणते ना. तुझ्यामुळेच कळलं.”

ती कठड्याकडे गेली नाही. चार पावलं अलीकडेच थांबून तिने समोर पाहिलं. नवरा पहिल्यांदा तिला वर घेऊन आला तेव्हा इथे फक्त पाण्याच्या टाक्या आणि वाळत घातलेले कपडे होते. एका चादरीखालून वाकून ती पलीकडे आली आणि समोर हे सगळं उभं होतं. गेल्या तीन वर्षांत तिने हजार कारणं सांगितली होती, खरं कारण कधीच नाही. दार एकदा लावलं की ते पुन्हा उघडायला आपण असू की नाही, याची तिला खात्री नव्हती.

“किती दिवस लागतील?” तिने विचारलं.

“वर्ष,” ओतीलिया म्हणाली. “कदाचित दीड. मी रोज येईन. राख पुसून मोजीन.”

“खालच्या मजल्यावर टेबलं लावता येतील,” निकानोरा एकदम म्हणाली. “मला तरी माणसं दिसतील.”

 लेओबार्दोच्या खिशातला फोन वाजायला लागला. त्याने तो बंद करायला काढला, तेवढ्यात तिने हात पुढे केला. त्याने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फोन दिला.

“हॅलो. हो, पालोमार.” तिचा आवाज पहिल्या शब्दाला घोगरा होता, नंतर सरळ झाला. “सोमवारी? सहा जण? नाही हो, साहेब. नाही, भरली म्हणून नाही. गच्ची बंद केलीय. आजपासून. कोणी? मी केली. मी मालकीण बोलतेय.”